गृहस्थाश्रमाचा जमाखर्च : ठेव कीं ऋण?

मराठींतला ‘ठेव’ हा शब्द फार जुन्या विश्वासाचा आहे. काशीयात्रेस निघालेला गृहस्थ आपला डबा शेजाऱ्याच्या पेटींत ठेवून जाई. सासुरवाशीण माहेरीं जातांना पुतळ्यांची गांठ थोरल्या जावेच्या हवालीं करी. परत आल्यावर तोच डबा, तीच गांठ आणि त्याच पुतळ्या हातीं पडत. ह्या व्यवहारास आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ‘निक्षेप’ म्हटलें, आणि कर्जाच्या व्यवहारास ‘ऋणादान’ असें निराळें नांव दिलें. अठरा व्यवहारपदांत हीं दोन पदें स्वतंत्र मोजलेलीं आहेत, आणि भेद नुसता नांवाचा नाहीं. विश्वासानें ठेवलेली वस्तु मालकाच्या संमतीवांचून जो वापरील, त्यास याज्ञवल्क्यानें दंड सांगितला आहे. बँकेचा तर सारा धंदाच परक्याची ठेव वापरण्याचा! आपण सकाळीं खिडकीवर भरलेली रक्कम दुपारीं एखाद्या इमारत बांधणाऱ्याच्या किंवा ट्रक घेणाऱ्याच्या खात्यावर गेलेली असते. आणि तसें नसतें तर बँकेनें आपणांस व्याज तरी कोठून दिलें असतें? कायद्याच्या दृष्टीनेंही बँक आपली विश्वस्त नव्हे, ऋणको आहे. आपण तिचे धनको. म्हणून पावतीवर छापलेला ‘मुदत ठेव’ हा शब्द मनांत ‘मुदतीचें कर्ज’ असा वाचावा. तें कर्ज आपण दिलेलें आहे, आणि तेंही तारणावांचून.

हा शब्दच्छल नव्हे. कोणी उसने पैसे मागावयास आला म्हणजे आपण त्याचा धंदा काय, चालचलणूक कशी, मागच्यांचे बुडविले कीं फेडले, हें सारें विचारतों. आमच्या दांडीच्या किनाऱ्यावरील मांगेला तांडेल पापलेटचा माल उधारीवर देण्यापूर्वीं, त्या व्यापाऱ्यानें मागील हंगामाचे पैसे केव्हां चुकते केले हें आठवून पाहतो. धनकोची ही सावध बुद्धि सर्वांसच असते. पण बँकेच्या दारांत शिरतांच तांडेल काय आणि चार इयत्ता अधिक शिकलेले आपण काय, एकच प्रश्न विचारतों : व्याज किती?

प्रस्तुत लेखास एका वाचकाचें पत्र निमित्त झालें आहे. पालघर तालुक्यांतील हें एकत्र कुटुंब. अतिजलद रेल्वेसाठीं जमीन गेली, तिच्या मोबदल्यापैकीं अठरा लाख रुपये शिल्लक आहेत. अशीं घरें ह्या भागांत आतां पुष्कळ आहेत. रेल्वेचें भूसंपादन, मुंबई-वडोदरा महामार्गाचें भूसंपादन, आणि तारापूरच्या कारखान्यांतून निवृत्त होणाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधि, ह्यांमुळें जन्मांत प्रथमच एवढी रक्कम एकदम पाहणारीं कुटुंबें बोईसर-पालघरच्या बाजूस जागोजागीं भेटतात. एक सहकारी बँक इतरांहून एक टक्का अधिक व्याज देते. तिच्या अहवालावर लेखापरीक्षणाचा ‘अ’ वर्ग छापलेला आहे. तर सारी रक्कम तेथें ठेवावी काय, आणि बँकांना जें ‘रेटिंग’ मिळतें म्हणतात तें काय असतें, असे दोन प्रश्न ह्या गृहस्थांनीं विचारले आहेत. दुसऱ्याचें उत्तर आधीं देतों.

‘रेटिंग’ ह्यास मराठींत ‘पतमानांकन’ हा चांगला शब्द रूढ झाला आहे. हिंदुस्थानांत हा व्यवसाय करणारी पहिली संस्था ‘क्रिसिल’ १९८७ सालीं निघाली. पुढें १९९१ सालीं ‘इक्रा’ आणि १९९३ सालीं ‘केअर’ निघाली. ह्या संस्थांवर ‘सेबी’चें नियंत्रण असतें. एखाद्या कंपनीनें किंवा बँकेनें रोखे काढून पैसा उभारावयाचा ठरविलें, म्हणजे ती आपले हिशेब ह्यांच्यापुढें मांडते, आणि ह्या संस्था तो रोखा वेळेवर फेडला जाण्याचा संभव किती, ह्याबद्दल आपलें मत अक्षरांनीं सांगतात. सर्वांत वरचें मानांकन ‘एएए’, बोलतांना ज्यास ‘ट्रिपल ए’ म्हणतात. त्याखालीं ‘एए’, ‘ए’, ‘बीबीबी’, ‘बीबी’, ‘बी’, ‘सी’ असें उतरत उतरत शेवटीं ‘डी’. ‘डी’ म्हणजे देणें चुकलें. ‘बीबीबी’च्या खालीं गेलेला कागद सट्ट्याच्या जातीचा समजतात.

आतां ह्यांत गृहस्थानें तीन गोष्टी ध्यानांत घ्यावयाच्या. पहिली ही कीं मानांकन बँकेस मिळालेलें नसून तिच्या एका विशिष्ट कागदास मिळालेलें असतें. एकाच बँकेच्या एका रोख्यास वरचें अक्षर आणि दुसऱ्यास खालचें, असें नेहमींच आढळतें, कारण संकटसमयीं कोणाचें देणें आधीं फेडावयाचें ह्याचा क्रम निराळा असतो. तेव्हां जाहिरातींतलें अक्षर आपल्या बचतखात्यास लागू आहे असें समजूं नये. दुसरी गोष्ट, मानांकनाची फी ज्याचें मानांकन करावयाचें तोच देतो. चाळीस मुलांच्या वर्गांत प्रत्येक मुलानें आपला परीक्षक आपणच निवडून त्याची बिदागी स्वतः दिली असती, तर निकालाचा कागद आपण कोणत्या नजरेनें वाचला असता? सर्व परीक्षक लबाड असते असें मी म्हणत नाहीं. पण गुण थोडे सढळ पडले असते एवढें खरें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मानांकन हें मत आहे, हमी नव्हे, आणि तें बदलतें. ‘आयएल अँड एफएस’ ह्या अवाढव्य संस्थेचे रोखे २०१८ च्या उन्हाळ्यांत ‘ट्रिपल ए’ होते. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत ते ‘डी’ झाले. ह्या दोन अक्षरांमधील साऱ्या पायऱ्या कांहीं आठवड्यांत उतरल्या गेल्या. ‘ट्रिपल ए’ पाहून ज्या निवृत्ति-निधींनीं आणि गृहस्थांनीं ते रोखे घेतले होते त्यांस पायरी उतरतांना पाहण्याचाही अवधि मिळाला नाहीं.

शिवाय पत्रलेखकाच्या मनांतील जी लहान-मध्यम नागरी सहकारी बँक, तिला बहुधा मानांकन नसतेंच. कारण ती बाजारांत रोखे विकावयास जात नाहीं. तेथें मानांकनाच्या जागीं दर्शनी भिंतीवर पुरस्कारांचीं मानचिन्हें आणि गुणवत्तेचीं प्रमाणपत्रें टांगलेलीं दिसतात. त्यांचा पतेशीं संबंध नाहीं. लेखापरीक्षणाचा ‘अ’ वर्ग हा मात्र अधिकृत असतो, आणि त्यास कांहीं किंमत आहे. किती, तें आतां पाहूं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, ठेव कोणापाशीं ठेवावी ह्याची एक लहानशी यादी दिलेली आहे. तो मनुष्य कुलीन असावा, सदाचारी असावा, धर्म जाणणारा असावा, सत्यवादी असावा, ‘महापक्ष’ म्हणजे पाठीशीं पुष्कळ माणसें असलेला असावा, धनवान् असावा आणि सरळ असावा. हें आपल्या देशांतील फार जुनें पतमानांकन म्हणावयास हरकत नाहीं. यादी निक्षेपासाठीं सांगितलेली असली तरी ऋणकोस लावून पाहण्यास ती उत्तम आहे, आणि एका बँकेस ती लावून पाहण्याचा प्रसंग आमच्या जिल्ह्याच्या अगदीं दारांत घडलेला आहे.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक ही १९८४ सालीं मुंबईंत निघालेली सहकारी बँक. २०१९ पर्यंत तिच्या १३७ शाखा झाल्या होत्या व ठेवी अकरा हजार कोटींहून अधिक होत्या. त्या वर्षींच्या मार्चअखेरचा तिचा अहवाल कोणाही सुज्ञ माणसानें वाचला असता तर त्याचें समाधानच झालें असतें. कर्जांपैकीं थकीत किती, तर ३.७६ टक्के, भांडवल पर्याप्ततेचें प्रमाण किती, तर १२.६२ टक्के, म्हणजे त्या वेळीं अशा बँकांस आवश्यक असलेल्या ९ टक्क्यांहून बरेंच अधिक. नफा जवळजवळ शंभर कोटी. धनवान् आहे, सदाचारी दिसते, ‘अ’ वर्गाचीही आहे. आणि २४ सप्टेंबर २०१९ रोजीं सकाळीं शाखांच्या दारांशीं गर्दी जमली, तेव्हां ठेवीदारांस असें सांगण्यांत आलें कीं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार पुढील सहा महिन्यांत एका खात्यांतून एकूण एक हजार रुपये काढतां येतील. महिन्याला नव्हे, सहा महिन्यांत. ही मर्यादा मागाहून दहा हजार, पंचवीस हजार, अशी वाढत वाढत पुढील वर्षीं एक लाखावर गेली. पण ज्या घरांत शस्त्रक्रिया किंवा लग्न होतें त्या घरांस त्या पहिल्या आठवड्यांत काय वाटलें असेल, हें गृहिणींस निराळें सांगावयास नको.

झालें होतें तें असें. बँकेच्या एकूण कर्जांपैकीं सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज, सुमारें साडेसहा हजार कोटी रुपये, ‘एचडीआयएल’ ह्या एकाच गृहबांधणी-समूहाकडे गेलेलें होतें. वसई-विरारच्या पट्ट्यांत ज्यांनीं लोकलमधून प्रवास केला आहे त्यांस हें नांव फलकांवरून पाठ असेल. तें कर्ज थकलेलें होतें, आणि तें थकलेलें दिसूं नये म्हणून त्या समूहाचीं ४४ कर्जखातीं झांकण्यासाठीं २१,०४९ खोटीं लहान खातीं दाखविण्यांत आलीं होतीं, असें तपासांत पुढें आलें. म्हणजे अहवालांतील ३.७६ हा आंकडा लेखनिकाच्या हातून चुकलेला नव्हता. तो रचलेला होता. संचालकांस, लेखापरीक्षकांस आणि रिझर्व्ह बँकेच्या निरीक्षकांस जें वर्षानुवर्षें दिसलें नाहीं, किंवा त्यांतील कांहींनीं दिसूं दिलें नाहीं, तें बोईसरच्या शिक्षकास अगर दांडीच्या मासळीविक्या बाईस दिसावें, ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. मनूच्या यादींत ‘सत्यवादी’ हा शब्द आहे. तो बाहेरून तपासतां येत नाहीं, हीच त्या यादींतली अडचण.

अहवाल वाचूं नये असा ह्याचा अर्थ नव्हे. वार्षिक अहवाल मागावा, सभासद असाल तर सर्वसाधारण सभेस जावें, आणि तीन आंकडे तरी पाहावेत : निव्वळ थकीत कर्जांचें प्रमाण तीन टक्क्यांच्या आंत आहे काय, भांडवल पर्याप्ततेचें प्रमाण बारा टक्क्यांच्या वर आहे काय, आणि नफा दोन-तीन वर्षें सतत आहे काय. त्यांहून महत्त्वाचें म्हणजे कर्ज कोणास दिलें जातें तें विचारावें. शंभर दुकानदारांस आणि पन्नास शेतकऱ्यांस दिलेलें कर्ज एका वर्षांत सगळें बुडत नाहीं. एका इमारतवाल्यास दिलेलें बुडतें. शेजारच्या बँका जो दर देतात त्याहून एक-दीड टक्का अधिक व्याज देणारी बँक तो पैसा कोणाकडून आणणार, हाही साधा प्रश्न आहे. अधिक व्याज घेऊन कर्ज काढावयास बहुधा तोच येतो ज्यास इतरांनीं दारांतून परत पाठविलें आहे. वाईट आंकडे असलेल्या बँकेपासून दूर राहावें हें निश्चित. चांगले आंकडे पाहून निर्धास्त व्हावें हें मात्र त्यावरून ठरत नाहीं.

येथें वर्तमानपत्रांतील बातम्यांविषयीं एक गोष्ट सांगून ठेवतों, कारण तीमुळें पुष्कळ घरांत उगाच धांवपळ होते. रिझर्व्ह बँकेनें अमक्या बँकेस दोन लाखांचा दंड केला, ही बातमी जवळजवळ दर आठवड्यास येते. नियम पाळण्यांतील कुचराईबद्दल असे दंड मोठमोठ्या बँकांसही होतात. तेवढ्यावरून पैसे काढावयास धांवूं नये. धास्ती बाळगावयाची ती ‘निर्देश’ ह्या शब्दाची. निर्देश लागले म्हणजे नवीं कर्जें, नव्या ठेवी आणि पैसे काढणें ह्यांवर बंधनें येतात, आणि तीं ज्या सायंकाळीं लागतात त्या सायंकाळपूर्वीं कोणास कळत नाहींत.

मनूच्या यादींतील ‘कुलीन’ ह्या शब्दाचा बँकेपुरता अर्थ घ्यावयाचा तर तिचा पूर्वेतिहास, असा घ्यावा. आपल्या घरांत ह्याच गुणास फार मान असतो. ‘आजोबांचें खातें तेथेंच होतें’ एवढ्यावर तीन-तीन पिढ्या एका बँकेंत राहतात. पण पुण्याची रुपी को-ऑपरेटिव्ह बँक १९१२ सालची होती. पुण्यांतील कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांचें तेथें पिढीजाद खातें होतें. २०१३ च्या फेब्रुवारींत तिच्यावर निर्देश आले, आणि तब्बल नऊ वर्षांनीं, २०२२ च्या ऑगस्टमध्यें, परवाना रद्द झाला. मुंबईची सी. के. पी. को-ऑपरेटिव्ह बँक १९१५ सालची. तिचा परवाना २०२० च्या एप्रिलमध्यें गेला. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक जॉर्ज फर्नांडिसांनीं १९६८ सालीं कामगारांसाठीं काढली होती. २०२५ च्या फेब्रुवारींत तिच्या तिजोऱ्यांतून १२२ कोटींची रोकड नाहींशी झाल्याचें आढळलें. ह्या बँकेस सारस्वत बँकेनें त्याच वर्षींच्या ऑगस्टपासून आपल्यांत घेतलें, म्हणून तिचे ठेवीदार सुटले. फार मागें जावयाचें तर कापसाच्या तेजींत गाजलेली जुनी बँक ऑफ बाँबे १८६८ सालीं मोडली होती, आणि १९१३ सालीं चांदीच्या सट्ट्यानें स्पेशी बँक बुडाली होती. वय हा गुण आहे. तो पुरेसा नाहीं.

राहिला ‘महापक्ष’. माझ्या मतें सबंध यादींत बँकेची परीक्षा करावयास ह्याच्याइतका उपयोगी शब्द दुसरा नाहीं. बँक कितपत चांगली आहे, हें आपणांस पुरतें कळणार नाहीं. पण ती पडलीच तर तिला उचलावयास कोण धांवेल, हें बऱ्याच अंशीं कळतें. ५ मार्च २०२० रोजीं येस बँकेवर बंधनें आलीं आणि ठेवीदारांस पन्नास हजारांची मर्यादा घालण्यांत आली. त्या बँकेचीं कर्जें फार चांगलीं होतीं असें नव्हे. परंतु ती एवढी मोठी आणि इतर बँकांशीं एवढी गुंतलेली होती कीं सरकारास ती पडूं देणें परवडणारें नव्हतें. स्टेट बँक पुढें आली, तिच्यामागोमाग इतर आल्या, आणि १८ मार्च रोजीं, म्हणजे तेराव्या दिवशीं, बंधनें उठलीं. ठेवीदारांचा एक रुपया गेला नाहीं. त्याच बँकेचे ८,४१५ कोटींचे अधिक व्याजाचे कायम मुदतीचे रोखे ज्यांनीं घेतले होते, त्यांची किंमत मात्र शून्य ठरविण्यांत आली आणि तो वाद न्यायालयांत गेला. ठेव आणि रोखा ह्यांतील फरक येथें डोळ्यांनीं दिसला. लक्ष्मी विलास बँकेच्या ठेवीदारांस त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत दहा दिवस थांबावें लागलें, कारण डी. बी. एस. बँकेनें तिला घेतलें. आणि पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या ठेवीदारांस? अठ्ठावीस महिने. २५ जानेवारी २०२२ रोजीं ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली. पांच लाखांपर्यंतच्या रकमेची सोय विम्यांतून झाली, आणि त्यावरील रकमेचे हप्ते दहा वर्षांपर्यंत लांबविण्यांत आले. सत्तर वर्षांच्या वृद्धानें दहा वर्षांच्या हप्त्यांचें वेळापत्रक हातांत घेऊन काय करावें?

हा अनुभव जमेस धरतां, पाठबळाच्या दृष्टीनें क्रम लावणें कठीण नाहीं. पोस्टांतील ठेव हें प्रत्यक्ष सरकारचें देणें आहे. त्याखालीं सरकारी बँका, आणि रिझर्व्ह बँकेनें ज्यांस देशाच्या व्यवस्थेच्या दृष्टीनें महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलें आहे त्या तीन बँका : स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय. त्यांनंतर इतर मोठ्या व्यापारी बँका. त्याखालीं लहान वित्त बँका आणि नागरी सहकारी बँका. ह्यांतही उत्तम चालणाऱ्या पुष्कळ आहेत, पण त्यांस हात देणारा शोधावा लागतो. पतपेढ्या ह्या यादीच्या बाहेरच समजाव्यात. त्या बँका नव्हेत, त्यांस रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, आणि आतां सांगावयाच्या विम्याचें संरक्षणही नसतें. पाटी बँकेसारखी, खिडकी बँकेसारखी, पासबुक बँकेसारखें, आणि कायदा निराळा.

हा विमा म्हणजे ह्या साऱ्या प्रकरणांतील एकच ठाम जमीन आहे. १९६० सालीं लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक ह्या दोन बँका बुडाल्यावर सरकारास जाग आली, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. प्रथम संरक्षण होतें १,५०० रुपयांचें. तें वाढत जाऊन १९९३ सालीं एक लाख झालें, आणि सत्तावीस वर्षें तेथेंच थबकलें. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या ठेवीदारांचा आक्रोश झाल्यावर ४ फेब्रुवारी २०२० पासून तें पांच लाख करण्यांत आलें. हप्ता बँक भरते, आपण नव्हे. पूर्वीं हे पैसे बँक दिवाळ्यांत निघाल्यावर किंवा तिचें विलीनीकरण झाल्यावरच मिळत, म्हणून रुपी बँकेचे लोक वर्षानुवर्षें तिष्ठले. २०२१ च्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं बँकेवर अशीं बंधनें आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यावयाची.

पण हे पांच लाख कसे मोजतात हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मोजणी पावतीवर होत नाहीं, ठेवीदारावर होते. एका बँकेच्या पालघर, बोईसर आणि डहाणू ह्या तीन शाखांत प्रत्येकीं पांच लाख ठेवले तरी विमा एकूण पांच लाखांचाच. मुद्दल आणि व्याज मिळून पांच लाख, म्हणून पुरे पांच लाख ठेवणाऱ्याचें व्याज उघड्यावर पडतें. आठ टक्के दरानें तीन-तीन महिन्यांनीं चक्रवाढ होणारी दोन वर्षांची ठेव असेल तर सव्वाचार लाख ठेवावेत, ते मुदतीअखेर चार लाख अठ्ठ्याण्णव हजारांच्या आसपास होतात. त्याच बँकेचें आपण कांहीं देणें लागत असलों तर तें वजा होऊं शकतें. उलट, निराळ्या अधिकारानें ठेवलेली रक्कम निराळी मोजतात. ज्याच्या स्वतःच्या नांवें ठेव आहे, तोच एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून किंवा अज्ञान मुलाचा पालक म्हणून दुसरें खातें ठेवील, तर तीं खातीं स्वतंत्र धरतात. संयुक्त खात्यांतही पतीचें नांव पहिलें असलेलें आणि पत्नीचें पहिलें असलेलें, हीं दोन खातीं स्वतंत्र मानतात. कायद्यानें एकत्र कुटुंबास दिलेली ही सवलत किती कुटुंबें वापरतात कोण जाणे. मात्र सुनेच्या नांवें ठेवलेला पैसा सुनेचा झाला, हें सासूसासऱ्यांनीं ठेवण्याच्या दिवशींच मनाशीं पक्कें करावें. विम्यासाठीं नांव तिचें आणि हक्क मात्र आमचा, ह्या समजुतीनें किती घरांत भांडणें झालीं आहेत तीं बँकेच्या अहवालांत छापून येत नाहींत.

आतां पत्रलेखकाचे अठरा लाख. सर्व रक्कम त्या एका बँकेंत एका नांवानें ठेविली तर एक टक्का अधिक व्याजानें वर्षाकांठीं अठरा हजार रुपये जास्त मिळतील, आणि तेरा लाख विम्यावांचून राहतील. ते तेरा लाख गेले तर ह्या अठरा हजारांनीं भरून यावयास बहात्तर वर्षें लागतील. हा सौदा मी करणार नाहीं. पत्रावरून घरांत साठीपलीकडील वडील आणि त्यांहून वृद्ध अशा आजीबाई आहेत असें दिसतें. पोस्टांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत प्रत्येकास तीस लाखांपर्यंत ठेवतां येतात. तेथें ह्या दोघांच्या नांवें मिळून आठ लाख ठेवावेत, व्याज दर तीन महिन्यांनीं हातीं येईल आणि घरखर्चास उपयोगी पडेल. पांच लाख सरकारी बँकेंत, हवे तेव्हां काढतां येतील असे. सव्वाचार लाख त्या अधिक व्याजाच्या सहकारी बँकेंत खुशाल ठेवावेत. बँक तीन आंकड्यांच्या परीक्षेस उतरत असली तर. अशा बँका गांवांतल्या छपाईवाल्यास, किराणावाल्यास, होडीच्या इंजिनास कर्ज देतात, आणि त्या जगल्या पाहिजेत. आपण सर्वस्व न घालतांही त्या जगतील. उरलेले पाऊण लाख बचतखात्यांत.

आणखी एक बारीक गोष्ट, जी निर्देश लागलेल्या बँकेच्या दाराशीं उभें राहिल्यावर कळली तर उशीर झालेला असतो. विम्याचे पैसे आपोआप येत नाहींत. ठेवीदारानें इच्छापत्र, ओळखीचे कागद आणि दुसऱ्या बँकेंतील आपल्या नांवाच्या खात्याचा क्रमांक द्यावा लागतो, आणि हें सर्व पहिल्या पंचेचाळीस दिवसांतच उरकावें लागतें, कारण तेवढ्यांत बँकेस आपल्या ठेवीदारांची यादी विमा महामंडळाकडे पाठवावयाची असते. ज्या आजीबाईंचें दुसरें खातेंच नाहीं, त्यांनीं तें कोठें उघडावयाचें, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांनीं जुळेल अशी सही कशी करावयाची, हे प्रश्न त्या गर्दींत सुटत नाहींत. पत्रलेखकांनीं ह्याच महिन्यांत त्यांना घेऊन बोईसरच्या एखाद्या सरकारी बँकेंत जावें, हजार रुपयांचें खातें उघडावें, आणि तिचें पासबुक पोस्टाच्या पुस्तकाजवळ ठेवून द्यावें.